चारच्या गाडीने गेलेला निकाल

आमच्या गावात दोन पेपर यायचे. सांगलीचा सकाळी, कडेगावकडून येणाऱ्या गाडीने. साताऱ्याचा दुपार कलल्यावर, औंधावरून येणाऱ्या गाडीने. गाव दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं. कागदोपत्री आम्ही सांगलीचे, पण सोयरीक बरीचशी साताऱ्याकडची, त्यामुळे घरोघरी दोन्हीकडची माणसं. आमच्या घरात साताऱ्याकडची म्हणजे मी.

मॅट्रिक पास झालेली सून म्हणून मला मोठ्या कौतुकाने आणली होती. ते कौतुक कशासाठी होतं, ते लवकरच कळलं. नवरा लष्करात, वर्षातून एकदा रजेवर यायचा. घरात मामंजी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. माणूस समोर उभा राहिला तर तो माणूस आहे एवढं त्यांना कळायचं. कोण आहे ते आवाजावरून. दुपारची जेवणं झाली की ते पुढच्या सोप्यात घोंगड्यावर बसायचे, भिंतीला पाठ लावायचे आणि म्हणायचे, "हं, कर सुरू." मग मी पेपर वाचायचा. वरच्या तारखेपासून ते अगदी खाली छापखान्याचा पत्ता असतो तिथपर्यंत. मधलं काही गाळलेलं त्यांना चालत नसे, आणि गाळलं की त्यांना कसं कळायचं कोण जाणे. बियाण्याची जाहिरात, कुठल्या तरी सोसायटीची जाहीर नोटीस, गुळाचे भाव, राशिभविष्य, सगळं. खरं सांगते, मला जांभया यायच्या. पण गावाबाहेरच्या जगाशी माझाही तेवढाच संबंध उरला होता, म्हणून मीही बसायची.

मामंजींचा छापील अक्षरावर फार विश्वास. तरुणपणी ते पलटणीत होते, तिथेच, शाळेचं वय उलटल्यावर, वाचायला शिकलेले. उशिरा हाती आलेल्या गोष्टीची माणसाला जरा जास्तच अपूर्वाई असते. ते म्हणायचे, "बोलायला काय पडतंय? जीब हाय, सुटतंय माणूस बोलत. छापायला शिसं लागतं, कागूद लागतो, चार मानसं राबत्यात. येवढा खटाटोप करून खोटं कोण छापील?" आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. त्या दिवसांत पेपरांनी काय काय गिळलं, याच्या गोष्टी आता तेच पेपर मिटक्या मारत छापत होते. मामंजींना त्याचंही कौतुक. "बग, चुकलं तर चुकलं म्हंत्यात. ह्येला मरद म्हंत्यात."

सांगलीचा पेपर ते गावात यायला लागला तेव्हापासून घेत आलेले. तो ‘आपला पेपर’. साताऱ्याचा पाव्हण्यांचा; तो माझे चुलत दीर घ्यायचे आणि त्यांचा वाचून झाला की आमच्याकडे यायचा. त्यावरून माझी थट्टा चाले. "वैनी साताऱ्याचा पेपर कसा खणखणीत वाचत्यात," भावजी म्हणायचे, "आन् सांगलीचा हातात घेतला की लगीच घसा बसतोय." सगळे हसायचे, मामंजीही हसायचे. मीही हसायची. थट्टाच ती, तिचं काय मनावर घ्यायचं?

त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि मामंजी या वयात उभे राहिले. कारण नळाचं. गावात पाण्याची नवी टाकी झाली होती. सगळ्या आळ्यांत नळ गेले, ओढ्यापलीकडच्या वस्तीत गेले नाहीत. ती वस्ती बौद्ध समाजाची. धर्मांतरानंतर तिथल्या लोकांनी गावकीची जुनी कामं सोडली होती, आणि गावातल्या काही जणांच्या पोटात ते अजून दुखत होतं. माजी सरपंचांनी टाकीचा नारळ फोडला आणि वस्तीचा नळ ‘पुढच्या टप्प्यात’ ढकलला. आमची आळी आणि ती वस्ती मिळून एक वॉर्ड होता. त्या वॉर्डातून माजी सरपंच पुन्हा उभे, आणि त्यांच्या विरोधात मामंजी.

वस्तीत एक पेन्शनर होते. गाव त्यांना पेन्शनरच म्हणायचं. मामंजींच्याच वयाचे, तेही पलटणीत नोकरी केलेले. दोघांच्या पलटणी वेगळ्या, पण पार निराळ्या मुलखांत दोघांनी खाल्लेल्या शिव्या एकच, त्यामुळे दोघांचं जमायचं. संध्याकाळी मामंजी काठी टेकत ओढ्यापर्यंत जायचे, पेन्शनर तिकडून यायचे, आणि सांडव्याच्या दगडावर दोघं बसायचे.

आता आमच्याकडे निवडणूक म्हटली की बेलभंडार आला. उमेदवाराची माणसं ताटलीत बेलाची पानं आणि देवाचा भंडारा घेऊन घरोघर जायची. घरच्या कर्त्याने तो उचलायचा आणि शपथ घ्यायची, की घरातली मतं तुम्हालाच. एकदा उचलला की माणूस फिरत नाही, फिरला तर त्याचं तळपट होतं, असा समज. यमाईचा भंडारा असला तर विचारूच नका. आमच्या भावकीने सगळी आळी अशी पक्की केली आणि ताटली वस्तीतही नेली. पेन्शनर ताटलीबरोबर परत आमच्या सोप्यात आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "आबा, बेलभंडार आमी उचलनार न्हाई. त्ये समदं सोडून आमाला लय वर्सं झाली. शबूद देतो. वस्तीतलं येक मत हिकडचं तिकडं व्हनार न्हाई."

मामंजी म्हणाले, "शबूद मिळाला, बास झालं. ताटली आत न्या रं."

भावजींना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, तोंडचा शब्द काय, वाऱ्यावर जातो. पण चुलत्यासमोर बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. नंतर ते भरपूर बोलले.

मतमोजणी शाळेत झाली. बायका काही तिथे जात नव्हत्या. मी सांगते ते त्याच संध्याकाळी मामंजींच्या तोंडून ऐकलेलं. पहिल्या मोजणीत माजी सरपंच थोड्या मतांनी पुढे होते. मामंजींनी फेरमोजणी मागितली. मोजणीचे साहेब कुरकुरले, पण बसले. मामंजींचा एक गठ्ठा भलत्याच ढिगात गेला होता, तो सापडला, आणि दोघांची मतं सारखी निघाली. अगदी सारखी. अशा वेळी चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी उचलायला लहान मूल असावं असं कोणी तरी म्हणालं, पण पोरं सगळी गुलालाच्या वासावर वेशीला पळालेली. शेवटी बंदोबस्ताच्या पोलिसाने टोपी काढली, तिच्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि त्यानेच एक उचलली. ती माजी सरपंचांची निघाली.

मामंजी घरी आले ते हसतच. पाय धुतले, सोप्यात बसले, माझ्या हातून चहा घेतला. "हरलो पोरी. पर कसा हरलो! त्येच्यायेवढीच मतं मला पडली. चिठ्ठीच्या म्होरं कोन काय करनार?" मग कपबशी खाली ठेवून म्हणाले, "आन् वस्तीतलं येक मत हाललं न्हाई, बग. हिशेब सरळ हाय. येक जरी फिरलं असतं तर चिठ्ठी लागलीच नसती. उद्या पेपरात यील समदं. नीट वाच मला."

दुसऱ्या दिवशी जेवणाचीही वाट न बघता ते घोंगड्यावर येऊन बसले. मी पेपर उघडला. आतल्या पानावर, जाड ठशात: ‘माजी सरपंचांचा दणदणीत विजय. विरोधकांचा धुव्वा.’ खाली लिहिलेलं, की गावाने एकमुखाने विकासाला कौल दिला, आणि विरोधी उमेदवाराला त्याच्या हक्काच्या समजल्या जाणाऱ्या वस्तीनेही साथ दिली नाही. फेरमोजणीचं नाव नाही, चिठ्ठीचं नाव नाही.

"परत वाच," मामंजी म्हणाले.

परत वाचलं.

"सांगलीचाच हाय न्हवं?"

"सांगलीचाच आहे."

"नीट वाचतीयास न्हवं?"

"आहे तेच वाचते, मामंजी."

आत्याबाई आतून जेवायला हाका मारत होत्या, पण मामंजी घोंगड्यावरून उठले नाहीत.

दुपारी साताऱ्याचा पेपर आला. त्याच्यात आणखी तिसरंच. ‘मतमोजणीत प्रचंड गोंधळ. पेटी फोडल्याचा आरोप. फेरमतदानाची मागणी.’ भावजी तो पेपर स्वतः घेऊन आले होते, चेहरा फुललेला. मामंजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेटी कुनी फोडली रं?"

"फोडली आसं कुटं म्हनलंय, आबा? आरोप म्हनलंय."

"आरोप कुनी केला?"

भावजी नखाने भिंतीचा पोपडा काढत बसले. बातमी त्यांनीच धाडली होती, हे सांगायला कोणी नको होतं. "तेंच्या पेपरात तेंचं आलं, आपल्या पेपरात आपलं," ते शेवटी म्हणाले. "फिट्टंफाट."

गावाची तशी सोय झाली. माजी सरपंचांची माणसं स्टँडवरच्या हॉटेलात सांगलीचा पेपर मोठ्याने वाचायची, आमची भावकी पारावर साताऱ्याचा. ज्याला त्याला आपापला निकाल मिळाला. पोलिसाची टोपी शाळेतल्या दहा-बारा माणसांनी बघितली होती, पण चिठ्ठी म्हटलं की लोक म्हणत, "ती तर खालच्या वॉर्डाची." बघितलेलं असून माणसं छापलेल्याकडे सरकत गेली. मला तेव्हा राग यायचा. आता रागही येत नाही. माणसं अशीच असतात, एवढं कळून चुकलंय.

हॉटेलवालाच सांगलीच्या पेपरचा एजंट आणि तोच वार्ताहर. त्याची बहीण माजी सरपंचांच्या घरात दिलेली. मामंजी मला हाताला धरून त्याच्याकडे घेऊन गेले. तो बिचारा भांडला नाही की काही नाही, खुर्ची पुसून दिली.

"आवं मामा, पाकीट चारच्या सांगली गाडीनं जातं. ड्रायव्हरच्या हातात दिलं तर रातीला हापिसात पोचतंय. फेरमोजनी त्येच्या मागनं झाली. मी काय गाडीम्होरं आडवा पडू?"

"मग दुसऱ्या दिवशी लिवायचं."

"लिवलं की! न्हाई छापलं. येका गावची बातमी दोनदा कोन छापील?"

"आन् दणदणीत?"

"त्ये म्या न्हाई. त्ये सांगलीत घालत्यात."

वस्तीबद्दलची ओळ कोणी घातली, ते मात्र त्याने सांगितलं नाही. गल्ल्यावरचं फडकं उचलून तो दुसरीकडेच पुसत बसला.

खरं दुखणं त्या ओळीचं होतं. मतं सारखी पडली असं छापलं असतं तर कोणी दगा दिला नाही, हे उघड झालं असतं. पण धुव्वा उडाला म्हटल्यावर दगा देणारं कोणी तरी हवं. आमच्या आळीने बेलभंडार उचलला होता, म्हणजे आळी सुटली. राहिलं कोण? पारावर बोलणी सुरू झाली. ‘आता तरी उचला म्हणावं, देवासमोर होऊ दे.’ वस्तीतल्या बायका आमच्या आळीतून दळणाला जायच्या, त्यांच्या पाठीमागे लोक खाकरायला लागले. उसाच्या तोडीला वस्तीतली माणसं लावायची, ती भावकीने लावायची बंद केली.

पेन्शनर पुन्हा आमच्या सोप्यात आले. या वेळी बसले. मी चहा ठेवला तो बराच वेळ तसाच.

"आबा, नळाचं ऱ्हाऊ द्या. नळ आज न्हाई उद्या यील. पर आमी शबूद फिरवला आसं पेपरात आलंया. आमच्याकडं बेलभंडार न्हाई, देव न्हाई, दुसरं कायबी न्हाई. शबूद तेवढा हाय. मतं सारखी पडली, येवढीच वळ छापून आना."

"आनतो," मामंजी म्हणाले. "छापून आनतो, गड्या."

त्या एका ओळीसाठी आम्ही किती हिंडलो! मामंजींना एसटीच्या पायऱ्या दिसत नसत, म्हणून मी बरोबर. आधी तालुक्याला. तिथल्या क्लार्कने विचारलं, निकालावर हरकत आहे का? मामंजी म्हणाले, न्हाई. निकाल मान्य आहे? हाय की. मग तक्रार कसली? मामंजी सांगू लागले, क्लार्क ऐकू लागला, आणि दोघांनाही घाम फुटला. निकाल मान्य नसेल तर कोर्टात जाता येतं. मान्य असेल तर घरी जाता येतं. हरलो हे कबूल आहे पण जसा हरलो तसाच हरलो म्हणा, असं म्हणणाऱ्या माणसासाठी त्या कचेरीत खिडकीच नव्हती.

मग साताऱ्याला, माझ्या माहेरी मुक्काम करून. तिथल्या पेपरवाल्यांनी आमचं फार आगत केलं. मोठी बातमी करू म्हणाले, फोटोही घेऊ म्हणाले; फक्त पेटी फोडली एवढं मामंजींनी आपल्या तोंडाने सांगायचं. मामंजी उठले. जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "पाव्हण्यांचा पेपर पाव्हण्यांसारखाच. ताटात भरपूर वाढत्यात, पर आपल्या घरचं न्हवं. चल, आपल्या पेपरात जाऊ."

आपल्या पेपरात गेलो. सांगलीच्या पेठेत, खाली छापखाना, वर कचेरी. उपसंपादक तरुण होते, बोलायला नम्र. मला अजून वाटतं, माणूस वाईट नव्हता. त्यांनी पाकिटाची, चारच्या गाडीची तीच कहाणी सांगितली. दणदणीतचं विचारल्यावर ते ओशाळून हसले आणि आम्हाला खाली घेऊन गेले. शाईच्या वासात, एका लाकडी ट्रेमध्ये मोठ्या ठशांचे मथळे दोऱ्याने बांधून तयार ठेवले होते. दणदणीत विजय. धुव्वा. शांततेत मतदान. "निवडणुका लागल्या की रोज रात्री एवढ्या गावांची पाकिटं येतात," ते म्हणाले, "प्रत्येकासाठी अक्षरांचे खिळे नव्याने जुळवत बसलो तर पेपर निघायचा कधी?" मामंजींनी विचारून त्या मथळ्यावर हात ठेवला. शिशाच्या उलट्या अक्षरांवरून त्यांची बोटं बराच वेळ फिरत होती.

"तुमचा खुलासा लिहून द्या," उपसंपादक म्हणाले. "छापतो."

मी तिथेच लिहून दिला. मोजून चार ओळी. त्यातली एक ओळ वस्तीच्या शब्दाबद्दल.

त्यानंतर रोज पेपर आला की मामंजी विचारायचे, "आलं का?" मी नाही म्हणायची. ऊस तुटून गेला, बुंध्यांना नवं खोडवं फुटलं. मग एके दिवशी आलं. आतल्या पानाच्या तळाला, एका औषधाच्या जाहिरातीवर. ‘आपल्याला विजयी उमेदवाराइतकीच मते पडली होती, असा दावा पराभूत उमेदवाराने केला आहे.’ बस्स. वस्तीची ओळ जागेअभावी उडाली असावी, किंवा कशामुळे, मला माहीत नाही. आजतागायत मला नक्की सांगता यायचं नाही, की त्या सगळ्यात गाडीचा दोष किती, दोऱ्याने बांधलेल्या मथळ्याचा किती आणि मेव्हण्या-पाव्हण्यांचा किती. शोधून शोधून मी दमले आणि सोडून दिलं.

मी वाचलं ते भावजीही ऐकत होते. "दावा!" ते म्हणाले आणि हसले. "आबा, कशाला नाद करताय? सारखी पडली, सारखी पडली. सायब म्हनला सारखी. गठ्ठं बगितलं कुनी? म्या गर्दीत मागं हुतो. आन् तुमाला दिसतंय कुटं?"

त्या घरात मी पुष्कळ भांडणं पाहिली, पण एवढं वाईट बोलणं दुसरं ऐकलं नाही. ते वाक्य मामंजींच्या मनात उतरलं ते उतरलंच. संध्याकाळी ते ओढ्याकडे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मग जायचेच थांबले. पेन्शनर सांडव्यावर येऊन बसलेले आमच्या मागच्या परड्यातून दिसायचे. पुढे तेही यायचे थांबले. नळ पुढच्याच टप्प्यात राहिला. ‘वस्तीनेही साथ दिली नाही’ वाला तो अंक मामंजींनी माझ्याकडून मागून घेतला आणि आपल्या पलटणीच्या ट्रंकेत ठेवला. एकदा मी परड्यातून आत आले तर ते तो अंक नाकाला टेकवून, मग लांब धरून, पुन्हा नाकाला टेकवून बघत होते. मला बघून त्यांनी तो घडी करून ठेवला. मला वाटलं, जखमेची खपली काढतायत.

पेपर मी रोज वाचत होते. ते ऐकत होते. पण मध्ये मध्ये म्हणायचे, "परत वाच." आधी तसं म्हणत नसत. मला वाटायचं, आता ऐकूही कमी येतंय की काय. मी आवाज चढवायची.

पुढच्या थंडीत माझे मालक रजेवर आले आणि त्यांनी मामंजींना मिरजेला नेऊन डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं. एकाच डोळ्याचं, पण झकास झालं. जाड काचांचा चष्मा लागला, त्यातून डोळा बटाट्याएवढा दिसायचा. घरी आले, उंबऱ्यात थांबून आत्याबाईंकडे बघून म्हणाले, "म्हातारी झालीस की गं!" आत्याबाई लाजून आत पळाल्या. आम्ही सगळे हसत होतो. मामंजी सरळ ट्रंकेपाशी गेले.

तो अंक काढून ते उजेडाला बसले. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक अक्षर. दण-द-णी-त. मी चहा घेऊन उभी होते. खालच्या ओळीपर्यंत गेले, वस्तीच्या ओळीवर बोट थांबलं, पुन्हा वर आले, पुन्हा वाचलं. मग चष्मा सावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला नीट अशी पहिल्यांदाच पाहिली असेल.

"तू नीटच वाचलं व्हतंस, पोरी."

मला कळेना. "म्हणजे?"

"मला वाटायचं..." ते थांबले. "तू साताऱ्याची. येखादा शबूद हिकडं तिकडं करत आसशील. चार मानसांनी सांगिटलं, तरी मन म्हनायचं, आपला पेपर आसं कसं लिवील?"

कपबशी खाली ठेवली आणि मी आत निघून गेले. चुलीपुढे बसून रडले. इतके दिवस ज्या माणसाला हाताला धरून मी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढवल्या, तो माणूस सगळा वेळ माझ्यावरच शंका घेत बसला होता. छापखान्यात जाऊन त्याने मथळ्यावर बोटं फिरवली तीही त्यासाठीच असतील. थट्टा थट्टा म्हणून हसलो ती थट्टा नव्हतीच तर. फार लागलं मला. आत्याबाई पाठीवर हात फिरवत राहिल्या.

उन्हं उतरल्यावर मामंजींनी सोप्यातून हाक मारली. "चल माझ्यासंगं." मला जायचं नव्हतं. गेले. ते काठी न घेता पुढे चालत होते, पेपरची घडी हातात. ओढा ओलांडला. वस्तीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन ओढ्याच्या झऱ्यावरून वर चढत होत्या. त्या बाजूला होऊन थांबल्या. पेन्शनर दारात बाजेवर बसले होते. त्यांनी उठून जागा केली. मामंजी बसले नाहीत.

"पेपर बगितला म्या," ते म्हणाले. "माज्या डोळ्यानं. खोटा हाय."

पेन्शनर म्हणाले, "आमी तवाच सांगिटलं हुतं, आबा."

"व्हय. पर कुटं तरी वाटायचं, आपला पेपर हाय... आपल्यालाच नीट दिसलं नसंल. हिच्यावर शंका घेतली. तुमच्यावर बी घेतली."

त्यांनी पेपर पुढे केला, पेन्शनरांनी तो घेतला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मामंजींच्या त्या जाड काचांकडे.

"आवं, आमचं र्‍हाऊ द्या," ते म्हणाले. "ती रोज समोर बसून वाचत हुती की."

मामंजी तिथेच, वस्तीतल्या बाजेवर, मटकन खाली बसले. आतून कोणी तरी चहा आणला. आधी तो माझ्या हातात दिला.